काटाघरातला आठवा बिट

सिरियल वायर, म्हणजे 0 आणि 1 हे बिट एकामागून एक पाठवणारी वायर, स्वतःहून काहीही ठरवत नाही. इतकी वर्षं तिच्याबरोबर काढल्यावर मला तिची हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. आजची इथरनेटची केबल खोचली की दोन्ही टोकं आपापसात बोलून वेग ठरवतात, एकाच वेळी बोलायचं की आळीपाळीने हेही ठरवतात. आरएस-232 या जुन्या सिरियल मानकाच्या वायरीत तसली काही सोय नाही. या टोकाने सेकंदाला 9600 बिटांच्या वेगाने पाठवायचं आणि त्या टोकाने त्याच वेगाने घ्यायचं, हे दोन्हीकडच्या माणसांनी आधी ठरवून ठेवावं लागतं. अक्षर सात बिटांचं की आठ, पॅरिटी, म्हणजे चूक पकडायचा जादा बिट, लावायची की नाही, शेवटी थांबायला एक बिट की दोन, समोरच्याला ‘जरा थांब’ कसं सांगायचं, सगळं आधी. आणि ठरलेलं जुळलं नाही तरी वायर कुरकुर करत नाही. ती भलतीच अक्षरं निमूटपणे पोचवत राहते.

हे मी शिकले ते सांगलीच्या पश्चिमेला, कृष्णाकाठच्या एका साखर कारखान्यात. नव्वदच्या दशकात तिथल्या कॉम्प्युटर विभागात मी लागले तेव्हा सगळा कारखाना एका युनिक्स मशीनवर, म्हणजे एकाच सामाईक कॉम्प्युटरवर, चालायचा आणि लोक काम करायचे ते टर्मिनलवर. टर्मिनल म्हणजे फक्त पडदा आणि कीबोर्ड. आत ना डिस्क, ना प्रोग्राम. हिशेबनीस, स्टोअर, शेतकी विभाग, टाइम ऑफिस, प्रत्येक टेबलावर तेच. पडद्यावर 24 ओळी, ओळीत 80 अक्षरं. डेक कंपनीने 1978 साली काढलेल्या व्हीटी100 ने जी पद्धत पाडली तीच पुढे सगळ्यांनी उचलली, त्यामुळे कुठल्याही कंपनीचा टर्मिनल असला तरी व्हीटी100 किंवा व्हीटी220 ची भाषा त्याला यायचीच.

ऑफिसातले टर्मिनल जोडणं सोपं होतं. अवघड होता तो काट्यावरचा. वजनकाटा गेटजवळ, कॉम्प्युटर रूम मेन ऑफिसात, आणि मध्ये पसरलेलं उसाचं यार्ड. हंगामात त्या यार्डात बैलगाड्या, ट्रॅक्टर, ट्रॉल्या यांच्या रांगा लागायच्या. आरएस-232 चा 1969 सालचा मानक वायरीची लांबी धरतो ती साधारण 50 फूट. चांगली वायर आणि कमी वेग असला की लोक त्याच्या कितीतरी पुढे जातात, आम्हीही गेलो होतो, पण यार्ड ओलांडायचं म्हणजे दोन्ही टोकांना लाइन ड्रायव्हरच्या, म्हणजे सिग्नल लांब पोचवणाऱ्या, पेट्या बसवाव्या लागायच्या.

पेट्यांचंही एक वेळ ठीक होतं. खरा त्रास जमिनीचा. आरएस-232 मध्ये प्रत्येक सिग्नल मोजला जातो तो एकाच सामाईक ग्राउंडच्या तुलनेत. उणे 3 व्होल्टच्या खाली असेल तर एक, अधिक 3 च्या वर असेल तर शून्य, मधलं काहीही बेभरवशाचं. आता एक टोक मेन ऑफिसच्या अर्थिंगवर आणि दुसरं काटाघराच्या अर्थिंगवर असेल, तर ‘शून्य व्होल्ट’ म्हणजे नेमकं कोणाचं शून्य? आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात ओल धरून ठेवते आणि मार्च-एप्रिलात भेगाळते. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ आणि कोळसा घातलेला असतो, पण पाणी घालायला कोणी विसरलं की ओल जाते आणि दोन इमारतींची जमीन दोन वेगळ्या पातळ्यांवर जाऊन बसते. त्यातच वळीव. वीज लांब कुठेतरी पडायची आणि इकडे लाइनच्या दोन्ही टोकांना 1488 आणि 1489 या सिग्नल पाठवणाऱ्या-घेणाऱ्या चिपा उडायच्या. तात्यांकडे त्या चिपांची एक पत्र्याची डबी कायम भरलेली असायची.

तात्या आमच्याकडचे जुने मेंटेनन्सवाले. टेलिफोन एक्स्चेंजच्या कामातून आलेले, कॉलेज न पाहिलेले आणि वायरीच्या बाबतीत कॉलेजवाल्यांना शिकवणारे. टर्मिनल सर्व्हर आणायचा आग्रह त्यांचाच.

टर्मिनल सर्व्हर म्हणजे एक पेटी. तिला एका बाजूला आठ-सोळा सिरियल पोर्ट आणि दुसऱ्या बाजूला नेटवर्कची एक वायर. पेटी काटाघरातच ठेवायची. टर्मिनल तिला हातभर वायरीने जोडायचा, म्हणजे 50 फुटांची अट आपोआप पाळली जाते. यार्ड ओलांडायचं काम नेटवर्कच्या वायरीचं. आमच्या वेळी ती बारीक कोअ‍ॅक्स होती, तिचा एक तुकडा 185 मीटरपर्यंत चालतो आणि पुढे जायचं तर मध्ये सिग्नल परत जोरात करणारा रिपीटर लावायचा. शिवाय इथरनेटच्या जोडणीत वायर आणि पेटीचं सर्किट विजेच्या दृष्टीने एकमेकांपासून तोडलेलं असतं, त्यामुळे दोन इमारतींच्या जमिनींचं भांडण टर्मिनलपर्यंत पोचत नाही. कोअ‍ॅक्सची जाळी एकाच ठिकाणी अर्थ करायची, दोन ठिकाणी नाही, यावर तात्या फार कडक होते. ती पेटी आली आणि डबीतल्या चिपांचा खप जवळजवळ थांबला.

कल्पना काही नवी नव्हती. अमेरिकेत अर्पानेटवर, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वजावर, पहिला संदेश गेला तो 29 ऑक्टोबर 1969 ला, आणि तोही दूरच्या मशीनवर लॉगिन करण्याचाच प्रयत्न होता. त्यानंतर दोनच वर्षांनी, 1971 मध्ये, ‘टिप’ नावाची यंत्रं आली. आपलं स्वतःचं कॉम्प्युटर नसलेल्या माणसालाही नुसता टर्मिनल घेऊन नेटवर्कवर येता यावं म्हणून ती बनवली होती, आणि एका टिपला 63 टर्मिनल लागायचे. काटाघरातला आमचा कारकून त्याच वंशातल्या पेटीसमोर बसायचा हे मला पुढे कळलं आणि फार बरं वाटलं.

जोडणीचा पहिला धडा तात्यांनी दिला तो मल्टिमीटरवर. मी पिनांचा तक्ता घेऊन बसले होते. 25 पिनांच्या जोडणीत टर्मिनल पाठवतो ती दोन नंबरची, ऐकतो ती तीन नंबरची, ग्राउंड सातवर. नऊ पिनांच्या जोडणीत नेमकं उलटं, पाठवायची तीन, ऐकायची दोन, ग्राउंड पाचवर. पेटीवर तर टेलिफोनसारखे चौकोनी सॉकेट, आणि त्यांच्या तारांचा क्रम प्रत्येक कंपनीचा निराळा. तात्यांनी तक्ता बाजूला ठेवायला लावला.

“पोरी, कागद नंतर बघ. टर्मिनल चालू कर, काळी दांडी सातवर ठेव आनि लाल दोनवर लाव. काय दावतोय?”

“उणे दहाच्या आसपास, तात्या.”

“आता तीनवर.”

“काही नाही. शून्याजवळ.”

“मग दोन बोलनारी, तीन ऐकनारी. पेटीकडंबी असंच बघ. बोलनारी ऐकनारीला जोड, झालं.”

त्या वेळी टर्मिनलवर कोणी काही टाइप करत नव्हतं. तरी दोन नंबरच्या पिनेवर उणे दहा व्होल्ट होतेच. सिरियल लाइन रिकामी असते तेव्हा ती ‘एक’ या स्थितीत, म्हणजे उणे व्होल्टवर धरून ठेवलेली असते. ही तारायंत्राच्या काळापासूनची रीत. तारेतून प्रवाह वाहता ठेवायचा, म्हणजे तार कुठे तुटली तर लगेच समजतं. अक्षर यायचं असलं की लाइन एका बिटापुरती अधिक व्होल्टवर उडी घेते. तो स्टार्ट बिट. ऐकणारा तिथून आपलं घड्याळ लावतो, पुढचे आठ बिट मोजून घेतो, सगळ्यात लहान किमतीचा आधी, आणि मग लाइन परत उण्यावर येते, तो स्टॉप बिट. एका अक्षरामागे दहा बिट. 9600 च्या वेगाने सेकंदाला 960 अक्षरं. पडद्यावर 24 गुणिले 80 म्हणजे 1920 अक्षरं मावतात, तेव्हा पूर्ण पडदा भरायला दोन सेकंद. काट्यावरचा कारकून ते दोन सेकंद रोज बघायचा, ओळी वरून खाली उतरताना.

पुढच्या पायऱ्यांची सवयही तात्यांनीच लावली. टर्मिनल आधी ‘लोकल’वर टाकून टाइप करायचं, म्हणजे कीबोर्ड आणि पडदा ठीक आहेत का ते कळतं. मग ‘ऑनलाइन’वर घ्यायचा आणि दोन-तीन या पिना यू-पिनने एकमेकींना टेकवायच्या. टाइप केलेलं अक्षर स्वतःकडेच परत येऊन दिसलं की टर्मिनलचं पाठवणं आणि ऐकणं दोन्ही शाबूत. त्यानंतर वायर, त्यानंतर पेटी, सगळ्यात शेवटी नेटवर्क. एका वेळी एकच गोष्ट पुढे सरकवायची. मला आजही सगळं एकदम जोडून मग दोष शोधणाऱ्या माणसाबद्दल काळजी वाटते, कारण सिरियल लाइनवर बहुतेक दोष बाहेरून एकसारखेच दिसतात: पडदा कोरा.

एक दोष मात्र तसा नव्हता.

काट्यावरचा टर्मिनल साधा नव्हता, जिस्टचा होता. पुण्यात 1988 साली सी-डॅक ही सरकारी संगणक-संशोधन संस्था सुरू झाली, आणि आयआयटी कानपूरमध्ये मूळ धरलेलं जिस्ट तंत्रज्ञान तिथे वाढलं. त्यामुळे व्हीटीची भाषा बोलणाऱ्या टर्मिनलवर देवनागरी दिसू लागली. मराठीत शेतकऱ्याचं नाव, गावाचं नाव, उसाची जात. याच्या मागे इस्की नावाची संकेतावली होती, 1991 मध्ये ती भारतीय मानक झाली. तिची रचना अतिशय देखणी आहे. 0 ते 127 या आकड्यांवर नेहमीची इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं जशीच्या तशी ठेवली, आणि 128 च्या वरच्या अर्ध्या भागात आपली लिपी बसवली. ‘क’ म्हणजे 179, ‘ख’ 180, ‘ग’ 181. म्हणजे इंग्रजीला सात बिट पुरतात, पण मराठीला आठवा बिट हवाच. तो एक बिट म्हणजे आपली लिपी आणि परकी लिपी यांच्यातली भिंत. तो मध्ये कुठे कापला गेला तर ‘क’ च्या 179 मधून 128 जातात, 51 उरतात, आणि 51 म्हणजे 3 हा अंक.

हंगाम भरात होता. विजेच्या कडकडाटात पेटीचं एक पोर्ट गेलं आणि काट्यावरच्या टर्मिनलची वायर शेजारच्या मोकळ्या पोर्टात घातली गेली. पडदा उजळला, लॉगिन झालं, काम सुरू झालं. थोड्या वेळाने काट्यावरून निरोप आला की आकडे बिघडलेत.

मी गेले तेव्हा प्लॅटफॉर्मवर एक ट्रॅक्टर उभा होता, दोन ट्रॉल्यांसकट, आणि मागे रांग रस्त्यापर्यंत. पडद्यावर वजनाच्या जागी ‘औख.ङच0’ असं होतं. त्याआधीच्या गाडीचं वजन मात्र व्यवस्थित, 9.365. कारकून हवालदिल. तो म्हणाला, “ताई, काही गाड्यांचं नीट येतंय, काहींचं असं. छापलेल्या पावतीवर बरोबर आहे. पण समोर असं दिसत असताना मी पावती देऊ कशी?” तो बरोबर होता. आपल्या भागात काटा हा फार नाजूक विषय आहे. वर्षभर राबून पिकवलेल्या उसाचे पैसे त्या एका आकड्यावर ठरतात, आणि काटामारीचा संशय एकदा आला की तो पिढ्यानुपिढ्या जात नाही. बाहेर उभा असलेला शेतकरी खिडकीतून पडदा बघत होता. त्याला ‘औख.ङच0’ मागे दडलेले 14.780 टन दिसण्याचा काही मार्ग नव्हता.

तात्यांनी गाड्या बाजूच्या काट्यावर वळवायला सांगितल्या आणि आम्ही दोघं खाली बसलो. माझ्या हातात इस्कीचा तक्ता, त्यांच्या हातात एका जुन्या पावतीची कोरी बाजू. त्यांनी बिघडलेले अंक एका बाजूला लिहिले, शाबूत असलेले दुसऱ्या बाजूला. पडद्यावर 0, 3, 5, 6, 9 नीट येत होते. 1 च्या जागी औ, 2 च्या जागी ऑ, 4 च्या जागी ख, 7 च्या जागी ङ, 8 च्या जागी च. दर वेळी तेच. म्हणजे हा वायरीतला गोंधळ नव्हता, गोंधळ असता तर दर वेळी वेगळं काहीतरी आलं असतं. यामागे नियम होता.

मी अंक बिटांमध्ये लिहायला घेतले. 1 चा संकेत 49, बिटांत 0110001. त्यात ‘एक’ किती? तीन. 3 चा संकेत 51, 0110011, त्यात चार. 4 म्हणजे 0110100, तीन. 5 म्हणजे 0110101, चार. 7 मध्ये पाच, 8 मध्ये तीन. ज्यांच्यात ‘एक’ विषम ते सगळे बिघडलेले, सम ते सगळे शाबूत. मग दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. त्या मोकळ्या पोर्टावर पूर्वी वजनाचा इंडिकेटर, म्हणजे काट्याचा आकडा दाखवणारी पेटी, जोडलेला होता आणि तो सात बिट, इव्हन पॅरिटी यावर चालायचा. इव्हन पॅरिटी म्हणजे पाठवणाऱ्याने सात बिटांतले ‘एक’ मोजायचे आणि विषम निघाले तर आठव्या जागी आणखी एक ‘एक’ घालून संख्या सम करायची, म्हणजे वाटेत एखादा बिट उलटला तर पलीकडे कळतं. पेटी ते इमानाने करत होती. पण टर्मिनल बसला होता आठ बिट, पॅरिटी नाही, या ठरावावर. दोन्हीकडे अक्षराची लांबी दहाच बिट, त्यामुळे चौकट अगदी नेमकी बसत होती आणि कोणालाच काही खटकत नव्हतं. पेटीने 1 मध्ये घातलेला पॅरिटीचा बिट टर्मिनलने आठवा बिट म्हणून वाचला. 49 अधिक 128, 177. आणि इस्कीत 177 म्हणजे औ.

मराठी मजकुराचं तर याहून विलक्षण झालं होतं. तिथे पेटी आधी आठवा बिट कापायची आणि मग पॅरिटीसाठी त्याच जागी नवा बिट घालायची. काही अक्षरांच्या बाबतीत तो नवा बिट योगायोगाने जुन्यासारखाच निघायचा आणि अक्षर वाचायचं. ‘वजन’ या शब्दातले व आणि न जागेवर होते, मधला ज गेला होता आणि तिथे विसर्गासारखे दोन टिंब आले होते: ‘व:न’. ‘सांगली’तले स आणि ल वाचले होते, बाकीच्या जागी झेड, अवतरणचिन्ह, 5 आणि एक उलटी तिरपी रेघ. ‘ऊस’ मात्र पूर्ण शाबूत. ऊ आणि स दोन्ही त्या गणितातून सुखरूप बाहेर पडतात. तात्यांनी पडद्यावरच्या त्या एका धड शब्दाकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, “बघ, धंद्याचं नाव तेवढं राखलंय त्यानं.”

पेटीवर त्या पोर्टाची मांडणी आठ बिट, पॅरिटी नाही, अशी केली, पोर्ट लॉगआउट करून परत सुरू केलं आणि पडदा निवळला. प्लॅटफॉर्मवरच्या ट्रॅक्टरचं वजन परत घेतलं. शेतकऱ्याने खिडकीतून आकडा पाहिला, पावतीवरचा पाहिला, मान हलवली.

त्या दिवसापासून तात्यांनी एक वही सुरू केली. प्रत्येक पोर्टाला एक पान. काय जोडलंय, वेग किती, बिट किती, पॅरिटी कोणती, थांबा-चला कसं, वायरीत कोणती तार कुठून कुठे, कोणी कधी बदललं. शिवाय पेटीवर प्रत्येक पोर्टाशेजारी चिकटपट्टी, तिच्यावर तेच थोडक्यात. वायर स्वतः काही ठरवत नसेल तर तिचा ठराव कुठेतरी राहायला हवा, आणि माणसाच्या डोक्यात ठेवलेला ठराव पाळी संपली की त्याच्याबरोबर घरी जातो. दुसऱ्या पाळीला आलेल्या माणसाने पेटीकडे बघून सगळं समजून घेतलं पाहिजे. मी पुढे जिथे जिथे काम केलं तिथे हा आग्रह धरला, आणि अजूनही धरते.

‘थांबा-चला’ चं थोडं सांगते, कारण तिथेही लोक अडतात. पडदा भरभर येणाऱ्या अक्षरांना पुरा पडेना की टर्मिनल उलट दिशेने एक अक्षर पाठवतो, एक्सऑफ, संकेत 19. मोकळा झाला की एक्सऑन, संकेत 17. गव्हाण, म्हणजे ऊस टाकायची जागा, भरली की यार्डातला माणूस शिटी वाजवून पुढची गाडी थोपवतो आणि मोकळी झाली की सोडतो, तसंच. टर्मिनल सर्व्हर मध्ये आला की शिटी कोणी ऐकायची हे ठरवावं लागतं. ती पेटीनेच ऐकावी. दूरच्या मशीनपर्यंत जाऊन तिथून थांबा यायला वेळ लागतो, तोवर टर्मिनलची साठवण ओसंडते आणि अक्षरं गळतात.

नेटवर्कच्या बाजूचं काम त्या मानाने सुटसुटीत. पेटीला आयपी पत्ता द्यायचा, पोर्टाला सांगायचं की टर्मिनल चालू झाला की अमुक मशीनला, 23 नंबरच्या टेलनेट पोर्टावर जोडून दे; टेलनेट म्हणजे नेटवर्कवरून दूरच्या मशीनवर लॉगिन करायची पद्धत. टर्मिनलचा प्रकार व्हीटी220 आहे हे पेटीत लिहून ठेवायचं, ती टेलनेटमधून ते पुढे कळवते. नाहीतर बाणाच्या कळा दाबल्या की कर्सर हलायच्या ऐवजी पडद्यावर अक्षरं उमटतात. मराठीसाठी आणखी एक. टेलनेटची व्याख्या मे 1983 मध्ये पक्की झाली तेव्हा तिचा मूळ मजकूर सात बिटांचाच धरला होता. पूर्ण आठ बिट हवे असतील तर ‘बायनरी’ हा पर्याय दोन्ही बाजूंनी मान्य करावा लागतो. म्हणजे पोर्टावर आठवा बिट वाचवला तरी पुढच्या नाक्यावर तो परत विचारला जातो, आणि युनिक्सच्या दारात तिसऱ्यांदा, तिथेही आठवा बिट कापायची एक सेटिंग असते. आपल्या लिपीला त्या काळी प्रत्येक नाक्यावर असा परवाना दाखवावा लागे.

मला या सगळ्यात सगळ्यात जास्त विचार करायला लावलं ते एका कळेने. टर्मिनलवर ‘क’ दाबला की पडद्यावर ‘क’ दिसतो, पण तो टर्मिनलने काढलेला नसतो. दाबलेला ‘क’ वायरीतून पेटीत जातो, पेटी त्याचं पाकीट करते, पाकीट यार्ड ओलांडून मशीनपर्यंत जातं, मशीन तो ‘क’ वाचतं आणि प्रतिध्वनी म्हणून परत पाठवतं, मग तो त्याच वाटेने येऊन पडद्यावर उमटतो. म्हणजे दिसणारं प्रत्येक अक्षर ही पोचपावती असते. ते दिसलं याचा अर्थ वाटेतली प्रत्येक वायर, चिप आणि मांडणी त्या क्षणी ठीक आहे. आणि त्या एका अक्षरासाठी केवढा लवाजमा! आयपी आणि टीसीपी या नेटवर्कच्या नियमांची डोकी, म्हणजे पाकिटावरचा पत्त्याचा मजकूर, मिळून 40 बाइट, आत अक्षर एक बाइट, आणि इथरनेटची सगळ्यात लहान चौकट 64 बाइटांची. या लहान पाकिटांनी नेटवर्क तुंबतं हे जॉन नेगल यांनी 1984 मध्ये दाखवून दिलं आणि उपायही सांगितला: आधीच्या पाकिटाची पोच येईपर्यंत नवी अक्षरं साठवा आणि एकत्र पाठवा. डेकच्या टर्मिनल सर्व्हरवर लॅट नावाची पद्धत चालायची, ती 80 मिलिसेकंद थांबून एका पेटीवरच्या सगळ्या लोकांची अक्षरं एकाच चौकटीत भरायची. टाइप करणाऱ्याला ते कळायचंही नाही. हे वाचलं की मला त्या इंजिनिअरांबद्दल मनापासून आदर वाटतो, एकेका कळेची त्यांनी केलेली ही काळजी.

कारखाना सोडून आता बरीच वर्षं झाली. टर्मिनल गेले, त्या जागी पीसी आले. तात्या सांगलीच्या गावभागात राहायचे. ऑगस्ट 2019 च्या पुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली, तिथली धोक्याची पातळी 45 आहे, त्यावरून गावभागात काय झालं असेल ते सांगलीकरांना सांगायला नको. तात्यांच्या घरातलं तळमजल्याचं सगळं गेलं. वही माळ्यावर होती. पुढे त्यांच्या लेकाने ती मला आणून दिली आणि सोबत एक जिस्ट टर्मिनल, कारखान्याच्या भंगाराच्या लिलावातून तात्यांनीच कधी तरी सोडवून आणलेला.

तो टर्मिनल सध्या विश्रामबागेत माझ्या घरी चालू आहे. इंजिनिअरिंगची काही मुलं येतात. त्यांना मी तो आधी मल्टिमीटरवरच दाखवते, काळी दांडी सातवर. नवी पेटी तळहाताएवढी आहे, दोन पोर्टांची. तिच्या सिरियल पोर्टाला नेटवर्कच्या वायरीचंच टोक बसतं, म्हणून त्यांना पहिल्यांदा बजावते की स्विचमधून वीजही देणारी नेटवर्कची वायर इथे चुकून कधी खोचायची नाही, त्यात 48 व्होल्ट असू शकतात. पेटीपलीकडे लिनक्स मशीन. टेलनेटमध्ये पासवर्ड उघडा जातो, म्हणून पेटीतून मशीनपर्यंत एसएसएच, म्हणजे सगळं गुप्त करून पाठवणारी पद्धत, वापरतो, आणि पेटीचं नेटवर्क घरातल्या बाकीच्यांपासून वेगळं ठेवलंय.

मराठीसाठी मध्ये एक छोटा प्रोग्राम घालावा लागला. आजचं मशीन युनिकोड बोलतं, यूटीएफ-8 मध्ये. त्यात ‘सांगली’ हा शब्द 18 बाइटांचा होतो, इस्कीत तो 6 बाइटांत मावतो. आयसीयू नावाच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये इस्कीचं रूपांतर अजून सांभाळून ठेवलेलं आहे, त्याच्यावर तो प्रोग्राम उभा आहे. मुलांनी तो लिहिला आणि पहिल्यांदा पडद्यावर आपापली नावं उमटवली, एक-एक अक्षर.

मुलं विचारतात, याचा आज उपयोग काय. उपयोग आहे. नेटवर्कच्या स्विचला आणि राउटरला कन्सोलचं, म्हणजे थेट जोडून मांडणी करायचं, पोर्ट असतं, आणि ते बहुतेक वेळा अजूनही 9600, आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट यावरच असतं. नेटवर्क कोलमडलं की त्या मशीनपर्यंत जायचा तोच एक रस्ता उरतो, म्हणून मोठ्या डेटा सेंटरमध्ये असल्या पेट्या ओळीने लावलेल्या असतात. कारखान्यातले वजनकाटे, प्रयोगशाळेतली उपकरणं, जुन्या सीएनसी मशिनी, कुपवाडच्या एमआयडीसीत एक चक्कर मारली तरी सिरियल पोर्ट भेटत राहतात. ती मुलं उद्या तिथे कामाला जाणार आहेत.

पेटीवर पहिल्या पोर्टाशेजारी चिकटपट्टी लागली आहे: जिस्ट टर्मिनल, 9600, 8, पॅरिटी नाही, 1, थांबा-चला पेटीत. वहीतही नवं पान झालंय, तात्यांच्या अक्षरानंतर आता मुलांचं अक्षर. दुसरं पोर्ट रिकामं आहे. एका मुलाच्या मामांचा मिरज रस्त्याला वजनकाटा आहे, तिथला जुना इंडिकेटर तो येत्या रविवारी घेऊन येणार आहे. मागच्या पाटीवर 2400, 7, इव्हन, 1 असं छापलेलं आहे म्हणे. पाटीवर विसंबून चालणार नाही, आधी मीटर लावून बोलणारी पिन शोधायची आणि मग पोर्ट तसं मांडायचं, असं त्याला सांगून ठेवलंय.